सोंगांचा क्रम

दर वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधीचा एक रविवार माझा ठरलेला असतो. कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणातून एक चपटी पेटी काढायची, तिच्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या बदलायच्या आणि आतले सात कागद एकेक करून खिडकीपाशी नेऊन बघायचे. कसर लागली नाही ना, तपकिरी ठिपके वाढले नाहीत ना, घड्या अजून जागेवर आहेत ना. बायको याला 'मांजराचं सर्व्हिसिंग' म्हणते. पाहुण्यांनाही तसंच सांगते. मग पाहुणे पलंगाखाली मांजर शोधतात.

मांजर कागदावर आहे. हे सात कागद म्हणजे पॅरिसमधल्या 'ल शा न्वार', म्हणजे 'काळं मांजर' नावाच्या कॅबरेत व्हायच्या छायानाट्याच्या छापील कार्यक्रमपत्रिका. सव्वाशे वर्षांहून जुन्या. संगीत नाटकांच्या जमान्यात थेटरात पदांची पुस्तकं विकत ना, त्याच जातीचा प्रकार, फक्त पातळ आणि जरा जास्त देखणा.

कॅबरे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हेलन येते. (माझ्याही आली होती, खोटं कशाला बोलू.) पण हे प्रकरण वेगळं. रोदोल्फ सालीस नावाच्या माणसाने नोव्हेंबर १८८१ मध्ये मोंमार्त्रच्या पायथ्याशी हा अड्डा काढला. कवी, चित्रकार, गाणारे, वाजवणारे तिथे जमायचे, प्यायचे, आपल्या कविता म्हणायचे आणि एकमेकांची टर उडवायचे. जागा पुरेना म्हणून १८८५ मध्ये सालीसने जवळच्याच एका रस्त्यावरच्या तीन मजली घरात बिऱ्हाड हलवलं. तिथे बाहुल्यांच्या खेळासाठी एक छोटंसं स्टेज होतं. एका संध्याकाळी एक जण पोलिसांची खिल्ली उडवणारं गाणं म्हणत होता. आंरी रिव्हिएर नावाच्या विशीतल्या चित्रकाराने त्या स्टेजच्या तोंडावर टेबलावरचा पांढरा नॅपकिन ताणून बसवला, मागे दिवा धरला आणि पुठ्ठ्याचे कापलेले पोलीस गाण्याच्या तालावर पुढून नेले. झालं. त्या नॅपकिनवर पुढची अकरा वर्षं उभी राहिली.

१८८६ ते १८९७ या काळात तिथे चाळीसहून जास्त छायानाट्यं झाली. पुठ्ठा जाऊन जस्ताचा पत्रा आला. पत्र्याच्या आकृत्या पडद्यापासून कमीजास्त अंतरावर ठेवून लांबचं-जवळचं दाखवायचं, मध्ये रंगीत काचा सरकवून पहाट-संध्याकाळ करायची, असे उद्योग चालत. छोट्याशा पडद्यामागे दहा-बारा माणसं घामाघूम होऊन खपायची आणि पुढे सालीस स्वतः उभा राहून आवाज चढवून कथा सांगायचा. बाजूला पियानो. काही काळ तिथे पियानो वाजवायला एरिक साती होता. आता ते नाव ऐकून संगीतवाले कान टवकारतात, तेव्हा तो पोटापाण्यासाठी वाजवत होता. नेपोलियनच्या फौजांवरचं एक मोठं छायानाट्य कारान दाश नावाच्या व्यंगचित्रकाराने केलं. हा मॉस्कोत जन्मलेला. रशियन भाषेत 'कारान्दाश' म्हणजे पेन्सिल, तेच त्याने टोपणनाव घेतलं. पत्र्यात कापलेल्या सैनिकांच्या रांगाच्या रांगा, मागे जाताना लहान लहान होत जाणाऱ्या.

मार्च १८९७ मध्ये सालीस गेला आणि त्याच वर्षी सगळं आवरलं. दिवा विझला की सावलीचं काय उरतं? पत्र्याच्या काही आकृत्या उरल्या, त्या पॅरिसच्या मोंमार्त्र म्युझियममध्ये बघायला मिळतात. काही नाटकांचे चित्रांसकट छापलेले अल्बम उरले. आणि हे कागद. तुमच्यातल्या निम्म्या लोकांचं कोणी ना कोणी एडिसनला असणारच, तर पुढच्या ट्रिपला तिथून जवळच न्यू ब्रन्सविकला रटगर्स विद्यापीठाचं झिमर्ली म्युझियम आहे, मोंमार्त्रच्या असल्या कागदांचा मोठा संग्रह त्यांच्याकडे आहे. मॉल काय, नेहमीचेच.

माझा पहिला कागद २००७ चा. चार महिने पॅरिसला ऑनसाइट होतो. आठवडाभर क्लायंटच्या काचेच्या इमारतीत, शनिवार-रविवार रस्त्यावर. एका पावसाळी शनिवारी निव्वळ भिजायचं नाही म्हणून एका जुन्या कागदांच्या दुकानात शिरलो. पोस्टकार्डं, हॉटेलांची मेनूकार्डं, रेल्वेची वेळापत्रकं, सगळं खोक्यांत विषयवार लावलेलं. 'सावल्या' अशी चिठ्ठी लावलेल्या खोक्यात हा निघाला. किंमत १४० युरो. तेव्हा युरो छप्पन्न-सत्तावन्न रुपयांना होता, म्हणजे जवळजवळ आठ हजार. मी दुकानाबाहेर जाऊन एक चक्कर मारली, पावसात भिजलो आणि परत येऊन घेतला. पुढचे तीन आठवडे खिचडी. खिचडीचं काही वाटलं नाही, पण त्या आठ हजारांचा हिशोब पुढे वेगळ्याच ठिकाणी द्यावा लागला. ते येईलच.

कागद म्हणाल तर एकच, मधोमध घडी घातलेला. वर पानाफुलांची वेलबुट्टी आणि हाताने काढल्यासारखी अक्षरं. ते काम जॉर्ज ओरिओलचं. याच माणसाच्या अक्षरांवरून १९०१ मध्ये एका फ्रेंच फाउंड्रीने छपाईचा टाइप काढला आणि 'ओरिओल' नावाचा फॉन्ट आजही विकत मिळतो. आत त्या रात्रीच्या नाटकांची नावं, कोणाचं चित्र, कोणाचं संगीत, कशानंतर काय. मागची बाजू कोरी.

तारीख मात्र नाही. या पत्रिकांवर बऱ्याचदा साल नसतंच; त्यांना काय माहीत, पुण्यात कोणी त्याचा डोकेफोड अभ्यास करणार आहे. मग नाटकांवरून काढायचं. माझ्या कागदावर नेपोलियनवालं नाटक आहे, ते १८८६ च्या शेवटी आलं. 'ताऱ्याकडे वाटचाल' अशा अर्थाच्या नावाचं, येशूच्या जन्माचं नाटक आहे, ते १८९० च्या जानेवारीतलं. म्हणजे कागद त्यानंतरचा. 'फ्रिने' हे १८९१ चं गाजलेलं नाटक त्यात नाही, म्हणून मी उत्साहाने १८९० लिहून मोकळा झालो होतो. नंतर कळलं की हा पुरावा लंगडा आहे. लॉगमध्ये एंट्री नाही म्हणजे ती गोष्ट घडलीच नाही, असं नसतं. हे मी ज्युनिअर पोरांना दर महिन्याला सांगतो आणि स्वतः तेच केलं.

दुसरा कागद इंटरनेटवरून मागवला आणि फसलो. सरळ आधुनिक छपाईची नक्कल निघाली. त्यानंतर भिंग घेतलं, दहा पट मोठं दाखवणारं, घड्याळजी वापरतात तसलं. आजच्या छपाईत भिंगाखाली चार रंगांचे ठिपके ओळीने, फुलासारखे जमलेले दिसतात. जुन्या शिळाछापात तसे ठिपके नसतात, बारीक रवा सांडल्यासारखा अनियमित कण दिसतो. आणि स्टेन्सिलने हाताने भरलेला रंग असेल तर तो कुठे ना कुठे रेषेच्या बाहेर गेलेला असतो, कडेला जरा दाट साचलेला. चूक दिसली की हायसं वाटतं, अशी ही एकच जागा माझ्या आयुष्यात आहे.

आता खरा प्रश्न. पॅरिसच्या त्या दुकानात पन्नास खोकी होती. सर्कशीची, ऑपेराची, अगदी चहाच्या लेबलांचीसुद्धा. मी 'सावल्या' लिहिलेल्या खोक्यापाशीच का थांबलो? त्याचं उत्तर पॅरिसपासून फार लांब आहे. मोखाड्याला.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, मोखाडा तालुक्यात. आम्ही राहायला जव्हारला. तेव्हा हा सगळा ठाणे जिल्हा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. होळी झाली की अक्षय्य तृतीयेपर्यंत जव्हार-मोखाड्याच्या गावागावांतून बोहाडा होतो. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: देवादिकांचे आणि राक्षसांचे मोठमोठे मुखवटे चढवून, संबळ आणि पिपाणीच्या तालावर, मशालींच्या उजेडात रात्रभर एकामागून एक सोंगं निघतात. आधी गणपती, मग मोरावरची शारदा. मग मारुती, नरसिंह, भीम, त्राटिका, वेताळ, दहा तोंडांचा रावण. शेवटी पहाटेला महिषासुर आणि जगदंबा, आणि जगदंबा त्याला मारते. मुखवटे लाकडाचे नाहीतर कागदाच्या लगद्याचे. जव्हारजवळच्या रामखिंडीत ते करणारे कसबी लोक आहेत. सोंग घराकडे चालत आलेलं असतं. आज्याने नाचवलेला नरसिंह नातू नाचवतो. बावन्न सोंगं म्हणायची पद्धत आहे, प्रत्यक्षात आकडा गावागणिक वेगळा. आणि सोंग हा शब्द आपण शहरात ज्या अर्थाने वापरतो तो इथे विसरायचा. इथे सोंगाला नमस्कार करतात, नवस बोलतात. कामासाठी वीटभट्ट्यांवर लांब गेलेली माणसं होळीला गावी येतात, त्यांच्या वर्षातल्या या मोजक्या आपल्या रात्री.

मी पाच-सहा वर्षांचा असेन. बाबांच्या खांद्यावर बसून बघत होतो. रावण समोरून नाचत आला आणि मी किंचाळून बाबांच्या डोक्यावर तोंड लपवलं. बाबा म्हणाले, "त्याच्याकडे बघू नको, भिंतीकडे बघ." समोर कुडाचं घर होतं, शेणाने सारवलेली भिंत. त्या भिंतीवर मशालीच्या उजेडात रावणाची सावली होती. घरापेक्षा उंच. मशालवाला पुढे सरकला की सावली कौलांवर चढायची, मागे गेला की एकदम लहान होऊन ओट्याशी यायची. माणसाची भीती वाटली होती, सावलीची नाही वाटली. ती पूर्ण रात्र मी भिंत बघितली. पुढचीही दोन-तीन वर्षं.

रिव्हिएरने नॅपकिन ताणला, आमच्याकडे भिंत आयतीच होती. एवढंच.

बाबांना एक सवय होती. बोहाड्याला गेले की कुठलं सोंग कशानंतर निघालं ते लिहून ठेवायचे. कोणी सांगितलं नव्हतं. वही न्यायची शिस्तही नाही, जो कागद खिशात असेल त्यावर; बहुतेक वेळा जुन्या हजेरीपटाची कोरी पाठ. वर गावाचं नाव, तिथी, मग खाली एकेक ओळ. सोंगाचं नाव, कधी बाजूला बारीक अक्षरात एखादी खूण, 'पाऊस आला', 'मशाल विझली', 'या वर्षी मुलगा नाचला, बाप आजारी'. वीस-बावीस वर्षांचे कागद. जव्हारचा पाऊस म्हणजे घरातल्या भिंतींनाही घाम फुटतो, म्हणून ते युरियाच्या धुतलेल्या गोणीत गुंडाळून ट्रंकेत ठेवलेले असत. आई म्हणायची, याला वर्षाचे फक्त दोन छंद, एक बोहाडा आणि दुसरा त्याचा हिशोब.

२००४ मध्ये आई गेली. पुढच्या वर्षी मी बाबांना पुण्याला आणायचं ठरवलं. दोन दिवसांची रजा काढून जव्हारचं घर आवरायला गेलो. टू बीएचकेत काय मावेल, काय नाही याची डोक्यात यादी होती आणि टेम्पोवाला दुपारी येणार होता. ट्रंक उघडली, गोणी दिसली, आत जुने हजेरीपट दिसले. उलटून बघितले नाहीत. रद्दीवाला दारात काटा लावून बसला होता, त्याच्यापुढे सगळं टाकलं. बाबा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "सगळंच?" मी म्हटलं, "सगळं, बाबा. तिकडे जागा कुठाय?" रद्दीवाल्याने सुतळीने गठ्ठा बांधला. किलोला पाच रुपये.

आणि हे मला दोन वर्षं कळलंच नाही.

पॅरिसहून परत आलो तेव्हा बॅगेतून सगळ्यात आधी काय काढलं असेल तर हा कागद. बाबांपुढे प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला, भिंग दिलं आणि काळ्या मांजराची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी फार वेळ बघितला. फ्रेंच येण्याचा प्रश्न नव्हता, पण ओळींवरून बोट फिरवत गेले. मग म्हणाले, "म्हणजे हा सोंगांचा क्रम आहे." मी म्हटलं, हो, तसंच. "यांच्यात पहिला गणपती नसतो?" आम्ही दोघं हसलो. मग त्यांनी कागद उलटा केला. मागची कोरी बाजू बघितली. म्हणाले, "मी पाठीमागे लिहायचो." थोड्या वेळाने, अगदी सहज, कितीला पडला ते विचारलं. मी आकडा सांगितला. ते काही बोलले नाहीत. पाकीट नीट बंद करून माझ्या हातात दिलं.

रात्री मला झोप लागली नाही. ओट्यावरचं ते 'सगळंच?' तेव्हा मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो तर त्यांनी विषयच बदलला आणि मला कल्याणच्या पटवर्धनांची गोष्ट सांगितली. पॅरिसमध्ये सालीस कथा सांगत होता, नेमक्या त्याच वर्षांत, १८९२ मध्ये, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. शंबरासुर हा मायावी राक्षस, त्याची माया दाखवणारा दिवा म्हणून हे नाव. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, एकापुढे एक काचा सरकवून त्यांच्यात हालचाल आणायची, सोबत निवेदन आणि संगीत. रामायण, महाभारत, सगळं. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत वॉटसन हॉटेलात आला तो ७ जुलै १८९६ ला, म्हणजे त्याच्या चार वर्षं आधी. मी पॅरिसहून काहीतरी जगावेगळं आणलंय अशा थाटात होतो आणि तेच काम आमच्याच जुन्या जिल्ह्यात झालेलं. पुढे मी कुडाळजवळ पिंगुळीलाही जाऊन आलो. तिथल्या ठाकर समाजात चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ आहे. परशुराम गंगावणे यांनी गोठ्याचं म्युझियम करून तो जपला, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. असो, विषय सोंगांचा चालला होता.

मग आम्ही दोघांनी एक उद्योग काढला. २०१० च्या पावसाळ्यात, दर रविवारी सकाळी चहानंतर मी लॅपटॉप उघडायचो आणि बाबा सांगायचे. एक्सेल शीट केली. सोंगाचं नाव, मुखवटा कसा, कोणत्या सोंगानंतर, कुठल्या गावात वेगळं. गावांचे क्रम थोडे थोडे वेगळे असल्यामुळे आम्ही मोखाड्याचाच धरला. बाबांनी पहिली वीस-पंचवीस नावं धडाधड सांगितली. पुढे अडखळायला लागले. एखादं नाव दोन रविवार येत नसे आणि मग मंगळवारी मला ऑफिसात फोन येई, "लिहून घे." मी मीटिंगमधून बाहेर येऊन हातावर लिहून घ्यायचो.

सत्ताविसाव्या ओळीवर गाडी अडली ती अडलीच. बाबा म्हणाले, इथे एक सोंग आहे. मला नाव आठवत नाही, चाल आठवते. प्रत्येक सोंगाची संबळाची चाल वेगळी असते. त्यांनी डायनिंग टेबलाच्या कडेवर दोन्ही हातांच्या बोटांनी ती वाजवून दाखवली. पंधरा-वीस सेकंद. डोळे मिटलेले. मी कौतुकाने ऐकलं आणि शीटमध्ये त्या ओळीत एक प्रश्नचिन्ह टाईप केलं. फोन माझ्या खिशात होता. रेकॉर्डिंग करता येतं असा फोन. ते सुचलं नाही. नावाचा रकाना होता, चालीचा रकाना मी केलाच नव्हता.

२०१२ च्या बोहाड्याला मी प्रिंटआउट घेऊन मोखाड्याला गेलो. बाबांना प्रवास झेपणार नव्हता. कल्याण-नाशिक न करता मुद्दाम जव्हारवरून गेलो, त्या वळणांची सवय गेली होती, उलटी होता होता राहिली. गर्दी दांडगी. मशाली होत्या, पण मिरवणुकीच्या वाटेवर ट्यूबलाइटही लावलेल्या, आणि जनरेटरचा आवाज. भिंतीकडे बघितलं. सावल्या होत्या, पण चारी बाजूंनी फिकट, कोणाची कुठली ते कळू नये अशा. यात मी नाक मुरडणं बरोबर नाही. ज्याला रात्रभर मानेवर मुखवटा तोलून खड्ड्यांतून नाचायचंय त्याला पायाखाली दिसायला नको? रोज उजेडात राहून वर्षातून एकदा अंधार बघायला येणाऱ्या माझ्यासारख्याचं काय.

मी कंपाउंडच्या भिंतीला टेकून प्रिंटआउटवर टिका करत होतो. बाजूला आठ-नऊ वर्षांचा एक पोरगा उभा होता. तो सारखा वाकून कागदात बघत होता. शेवटी म्हणाला, "काका, हे काय लिवलंय?" मी म्हटलं, सोंगं, ओळीने. त्याने अशी काही नजर टाकली की जणू मी उद्या सकाळी सूर्य उगवणार हे कागदावर लिहून आणलंय. लांबून संबळाचा ठेका बदलला आणि वळणावरून सोंग दिसायच्या आधीच त्याने नाव सांगितलं. पुढचंही. त्याच्या पुढचंही. मी नुसता टिका करत गेलो. माझ्या शीटमध्ये दोन ठिकाणी क्रम उलटा होता, तो त्याने दुरुस्त केला. पण सव्विसावं झाल्यावर थेट अठ्ठाविसावंच निघालं. मी विचारलं, मध्ये एक असतं ना? तो म्हणाला, "नसतंय." त्याच्या जन्मापासून नसेल, तर त्याच्या दृष्टीने ते कधीच नव्हतं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, असतं. बंद पडलं असेल. माणूस राहिला नसेल, नाहीतर मुखवटा फुटला असेल. माझ्या कागदांत होतं. एवढं बोलले आणि चटकन माझ्याकडे बघून, "अरे, तसं नाही," म्हणाले.

बाबा २०१६ मध्ये गेले.

त्यांच्यानंतर मी काळ्या मांजराचे आणखी दोनच कागद घेतले. घेता येत नाहीत असं नाही. परवडतात, मिळतातही. पण कुठलाही नवा कागद दिसला की मी आधी उलटा करून मागची बाजू बघतो, आणि ती कोरी निघाली की घ्यावासा वाटत नाही. विकणाऱ्याला हे काय सांगणार? त्याच्या लेखी मागची बाजू स्वच्छ असणं हा प्लस पॉइंट.

२०२३ च्या बोहाड्याला परत गेलो. आता स्वतःच वाजवायचं ठरवून. पहाटे तीनच्या सुमारास संबळवाले जरा टेकले होते, चहा चालला होता. त्यांच्यातले सगळ्यात म्हातारे जे होते त्यांच्याजवळ जाऊन बसलो. सांगितलं, माझे वडील इकडे गुरुजी होते, त्यांना एक चाल आठवत होती, नाव आठवत नव्हतं. ते म्हणाले, "वाजवा की." मी मांडीवर बोटांनी वाजवायला लागलो. चार मात्रा गेल्या आणि मला कळलं की मला ती येत नाहीये. टेबलाचा आवाज आठवत होता, बाबांचे मिटलेले डोळे आठवत होते, बोटांवरचे डाग आठवत होते. ठेका नाही. तरी वाजवलं काहीतरी.

बाबाजी हसले नाहीत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, संबळ पुढे ओढला आणि हलक्या हाताने एक चाल वाजवली. "ही?" मग दुसरी. "का ही?" मग थोडं आठवून तिसरी, आणि चौथी, ती वाजवताना ते स्वतःच मध्येच थांबले आणि बाजूच्याला म्हणाले, "ही लई दिवसांत नाय वाजवली." या वेळी फोन माझ्या हातात होता, रेकॉर्डिंग चालू होतं. चारही चाली माझ्याकडे आहेत. मी त्या किती वेळा ऐकल्या असतील याची मोजदाद नाही.

मला चारही त्याच वाटतात.

मी त्यांना चौथीचं नाव विचारणार होतो, तेवढ्यात पिपाणी वाजली, पुढचं सोंग निघालं आणि ते संबळ कमरेला बांधत उठले.